वंशावळ व्हाया मुरबाड

अमेरिकेत लोक हौस म्हणून पूर्वज शोधतात. चर्चची रजिस्टरं, जहाजांच्या याद्या, आता तर डीएनए किटसुद्धा! आपल्याला मात्र पूर्वज आठवतात ते अ‍ॅडमिशनच्या वेळी. माझ्या चुलतबहिणीला इंजिनीअरिंगसाठी जातपडताळणी करायची होती. आम्ही मुरबाडकडचे कुणबी, म्हणजे ओबीसी. पुरावा हवा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आजोबा शाळेची पायरी चढलेले नाहीत, त्यामुळे शाळेच्या दाखल्याचा सोपा मार्ग बंद. घरातल्यांच्या मते फ्रीलान्सर म्हणजे रिकामटेकडी, तेव्हा मोहीम माझ्या गळ्यात!

कल्याणहून एसटी पकडून मुरबाड गाठलं. तहसील कचेरीत ‘कोतवाल बुक’ मागायचं, हे एव्हाना पाठ झालं होतं. पूर्वी गावचा जन्म-मृत्यू त्यातच नोंदवला जायचा, जातीसकट. पण गंमत अशी, की बाळाचं नाव बऱ्याचदा नसतंच. बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगा’. त्यात जुनी पानं मोडीत. मोडी वाचणारे एक काका गाठले, तेव्हा कुठे आमचा ‘मुलगा’ सापडला. माझे आजोबा!

नातं जुळवायला जुने फेरफार काढले. तिथे भेटले दोन शब्द: ‘बिन’ आणि ‘कोम’. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. एका वारसनोंदीत मुलांबरोबर विधवेचं नाव होतं. माझी खापरपणजी! आमच्या घरच्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत, बाई एकही नाही. बाबांना हे नाव ठाऊकच नव्हतं.

मग शहापूर. दोन्ही तालुके शेजारी, सोयरिकी इकडून तिकडे. आजोबांच्या बहिणीला शहापूर तालुक्यात दिलंय. कसारा लोकलने आसनगाव, पुढे रिक्षा. ऐंशी ओलांडलेल्या आत्याआजीला ते नाव वाचून दाखवलं, तर ती हसायलाच लागली. “अगं, हे तर माझंच नाव! आजीचं ठेवलेलं मला. लग्नात बदललं.” साठ वर्षं तिला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

परतताना मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. आदिवासींसाठी पुराव्याची तारीख आहे ६ सप्टेंबर १९५०. याच दोन तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांवर कित्येक कुटुंबांकडे पिढ्यान्‌पिढ्या ना जमीन होती, ना शाळा. सातबारा नाही, दाखला नाही, मग पूर्वज कागदावर येणार कुठून? आमची वंशावळ सापडली, कारण आमच्याकडे निदान चार गुंठे होते. तानसा, भातसाचं पाणी मुंबईत आपल्या नळाला येतं ते याच शहापूर तालुक्यातून, हेही जाता जाता लक्षात ठेवू या.

वंशावळ कशी लिहावी हे बघायचं असेल तर माळशेजच्या रस्त्याने वैशाखरेपर्यंत जा आणि नाणेघाट चढा. तिथल्या गुहेत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन घराण्याचा अख्खा फॅमिली फोटो दगडात कोरला होता. पुतळे तुटले, वरची ब्राह्मीतली नावं टिकली. त्यात नागनिका राणीचं नाव आधी येतं आणि राजा सातकर्णीचं नंतर. तिथे ‘कोम’ची भानगडच नाही!

तुम्हालाही शोध घ्यायचाय? वर्किंग डेला एक रजा टाका. गावाचं नाव, जुना सर्व्हे नंबर आणि पणजोबांचं पूर्ण नाव सोबत ठेवा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही बघा, तिथे गाव आणि आडनावावरून घराणी सापडतात. आणि हे सगळं करण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला फोन लावा. तिचं माहेरचं नाव विचारा. कचेऱ्या सोमवारीही उघडतील, पण आत्याआजीच्या आठवणीची झेरॉक्स कुठेच मिळत नाही.