सिएरा नेवाडातील तीन पत्रे

टुऑलमी मेडोज, कॅलिफोर्निया
जुलै

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

पहिल्या पत्रात येथील शिखरांचे वर्णन करावे असे मनात होते. परंतु आज सकाळी परवान्याच्या कचेरीत जे पाहिले, ते आधी कळवल्यावाचून राहवत नाही, कारण पावसाळ्यातील शनिवार-रविवारी हरिश्चंद्रगडावर लोटणाऱ्या गर्दीने तुमचा जीव किती कासावीस होतो, हे मी जवळून पाहिले आहे. यॉसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या अरण्यात एक रात्र जरी मुक्काम करावयाचा असला तरी सरकारी परवाना हाती असावा लागतो, आणि प्रत्येक वाटेच्या मुखातून दररोज किती माणसांनी आत जावे याचा आकडा मुक्रर केलेला असतो. आम्ही जॉन म्यूर वाटेने निघालो आहोत. येथून दक्षिणेस डोनह्यू खिंड ओलांडून त्या वाटेने जाण्याची मुभा या उद्यानातून दिवसाला अवघ्या ४५ जणांना मिळते. निघण्याच्या तारखेपूर्वी २४ आठवडे अर्ज करावयाचा, सोडतीने ६० टक्के परवाने वाटावयाचे, आणि उरलेले ४० टक्के सात दिवस आधी सकाळी सात वाजता खुले करावयाचे, असा येथला जाबता आहे. ज्यांचे अर्ज नामंजूर होतात त्यांची निराशा खरी असते; तरीही मला ही पद्धत न्याय्य वाटते, कारण सोडतीपुढे वशिला चालत नाही, आणि शुल्क इतके अल्प आहे की धनिकाला त्याच्या धनाचा येथे काही उपयोग नाही.

या साऱ्या बंदोबस्तामागे १९६४ चा अरण्य कायदा उभा आहे. हॉवर्ड झानिझर नावाच्या गृहस्थांनी त्याचा मसुदा लिहिला आणि त्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. परंतु राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर स्वाक्षरी करण्यापूर्वी काही महिने झानिझर यांचे निधन झाले. मनुष्य हा अरण्यात येऊन जाणारा पाहुणा होय, ही त्या कायद्याची मूळ धारणा. ती उदात्त आहे यात संशय नाही. परंतु याच यॉसेमिटीच्या दरीत पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या आवानीची लोकांना १८५१ साली मॅरिपोझा पलटणीने हुसकावून लावले होते, हेही विसरता कामा नये. जे तेथे पाहुणे नव्हते, त्यांना आधी बेघर केले गेले, आणि मग ती भूमी निर्जन म्हणून नावाजली गेली.

परवाना हाती देण्यापूर्वी तेथील रेंजर बाईंनी नियम समजावून सांगितले: पाण्यापासून व वाटेपासून १०० फूट दूर मुक्काम करावा, ९,६०० फुटांच्या वर शेकोटी पेटवू नये, आणि सर्व अन्न अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात ठेवावे. हा डबा काळ्या जाड प्लॅस्टिकचा, पिंपाच्या आकाराचा. त्याच्या झाकणाच्या खिट्ट्या नाण्याने फिरवाव्या लागतात, आणि रिकामाच तो सव्वा किलोच्या आसपास भरतो. त्यात धान्याबरोबर दंतमंजन, साबण, ओठांचे मलमदेखील कोंबावे लागते, कारण ज्याला गंध आहे ते सर्व अस्वलाच्या लेखी अन्नच. रात्री तो तंबूपासून दूर ठेवावयाचा, पण कड्याच्या वा ओढ्याच्या काठी नव्हे. अस्वलाला तो उघडता आला नाही तरी ढकलत नेता येतो. माणसाच्या अन्नाला चटावलेले अस्वल धीट होते, माणसांच्या मुक्कामात शिरू लागते, आणि अखेरीस पुष्कळदा त्याला मारावे लागते. तेव्हा डब्याचे ओझे आपण वाहतो ते अस्वलाच्या प्राणासाठी, हे ध्यानात आल्यावर त्याबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही.

आपली धाकटी बहीण

मॅमथ लेक्स
जुलै अखेर

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

शिधा घेण्यासाठी वाट सोडून या गावात उतरलो आहोत. वाटेत भेटणाऱ्या पदयात्रिकांच्या सॅक पाहून प्रथम अचंबा वाटतो. अन्न, पाणी व इंधन वगळून बाकीचे सामान १० पौंडांत, म्हणजे साडेचार किलोंत बसवणे हे त्यांचे ध्येय. आणि हे साधते ते कोणत्याही चमत्काराने नव्हे, तर प्रत्येक वस्तूला तिचे प्रयोजन विचारल्याने. चालण्याच्या काठ्याच तंबूचे खांब होतात. झोपण्याच्या पिशवीऐवजी खालून उघडी दुलई चालते, कारण अंगाखाली दाबली गेलेली पिसे ऊब देत नाहीत. चामड्याच्या जड बुटांची जागा धावण्याच्या हलक्या बुटांनी घेतली आहे. रे जार्डीन यांनी १९९२ मध्ये पॅसिफिक क्रेस्ट वाटेवरील हस्तपुस्तिकेतून या विचाराला शास्त्राची बैठक दिली. परंतु त्याही आधी, १९५५ साली, एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या, अकरा मुलांच्या मातेने स्वतः शिवलेली कापडी पिशवी खांद्यावर टाकून, साधे कापडी बूट घालून आणि पावसासाठी न्हाणीघराचा पडदा घेऊन ३,२०० किलोमीटरांहून लांब अशी अपॅलॅशियन वाट एकटीने पार केली होती. आज शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठी निर्माण झालेल्या जातीच्या कापडाचे तंबू मिळतात आणि त्यांच्या किमती सामान्य माणसाला परवडत नाहीत. म्हणून आपल्या गिरिभ्रमण संस्थेतील मंडळींनी दुकानाची यादी बाजूला ठेवून गेटवुडबाईंची पिशवी डोळ्यांपुढे ठेवावी. मात्र हलकेपणाच्या नादात गरम कपडा आणि पावसाळी अंगरखा कोणी मागे ठेवू नये. या पर्वतात दुपारी ढग जमून गारांसह वीज कोसळू लागली, म्हणजे तेच प्राण वाचवतात.

ज्यांचे नाव या वाटेला आहे ते जॉन म्यूर स्वतः बहुधा पाव आणि चहा एवढ्यावर रानोमाळ हिंडत. पण त्यांच्याच सिएरा क्लबाच्या १९०१ पासूनच्या उन्हाळी मोहिमांत कधी कधी दोनशेच्या घरात माणसे आणि त्यांचे सामान वाहणाऱ्या खेचरांचे तांडे असत. पर्वतावर निस्सीम प्रेम करणाऱ्यांनीच पर्वतावरील कुरणे तुडवली; आणि ती हानी ध्यानात आल्यावर तांडे लहान करावे लागले. आज यॉसेमिटीत वाटेवरील तुकडीत १५ हून अधिक, आणि वाट सोडून जाताना ८ हून अधिक माणसांना मज्जाव आहे. ज्याची सॅक हलकी त्याला खेचर लागत नाही, शेकोटी लागत नाही, तंबूसाठी मोठी सपाट जागा लागत नाही. म्हणून सामान कमी करणे आणि माणसे कमी करणे ही मला एकाच संयमाची दोन अंगे वाटतात.

आपली धाकटी बहीण

लोन पाइन
ऑगस्ट

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

माउंट व्हिटनीच्या ४,४२१ मीटर उंचीच्या माथ्यावर पोहोचलो, तेथेच ही वाट संपते. म्यूर यांच्या मृत्यूनंतर १९१५ साली तिचे काम सुरू झाले आणि १९३८ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ती पुरी झाली. पूर्वेकडून या शिखरावर येणाऱ्यांपैकी हंगामात दिवसाला १०० जणांना एका दिवसात जाऊन येण्याचे, आणि ६० जणांना मुक्कामाचे परवाने मिळतात. येथील सर्वांत कठोर नियम असा, की मनुष्याने आपली विष्ठादेखील खास पिशवीत बंद करून खाली आणावी. त्या उंचीवर खडक उघडा, माती नावापुरती आणि येणाऱ्यांची संख्या मोठी, म्हणून पुरण्याचा उपाय तेथे चालत नाही. प्रथम हे ऐकून मन संकोचते. पण वरची तळी इतकी निर्मळ आहेत, की ती पाहिल्यावर तो संकोच उरत नाही.

आपल्याकडील हरिश्चंद्रगडासारखी जागाही अभयारण्याच्या हद्दीत आहे, आणि तिच्या कोकणकड्याला व तेथील पाण्याच्या टाक्यांना आपल्या संयमाची गरज या पर्वतांपेक्षा तिळभरही कमी नाही. सरकारी हुकमाची वाट पाहत न बसता, संस्थेच्या येत्या बैठकीत एका तुकडीत १५ हून अधिक माणसे न नेण्याचा आणि नेलेला कचरा एकूण एक परत आणण्याचा ठराव तुम्ही मांडावा. वर्गणी घटेल म्हणून कोणी विरोध केला तरी तो मागे घेऊ नये, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे.

ती. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपली धाकटी बहीण