तीन घ्या, छत्तीस फुकट

एका दिवाळीनंतर चार दिवस माझ्या फोनवर एक टॅब उघडा होता. अर्टुरिया या फ्रेंच कंपनीचा ‘व्ही कलेक्शन एक्स’ नावाचा सॉफ्टवेअर सिंथेसायझरांचा संच, किंमत अर्धी, आणि खाली उलटा धावणारा काउंटर. युरोचे रुपये केले, कार्डाचे चार्जेस धरले, की मला तो साधारण २८ हजारांना पडत होता. बोनस खात्यात आला होता, त्यामुळे ‘परवडत नाही’ हे सोपं उत्तर या वेळी हाताशी नव्हतं.

दिवसा मी एका कंपनीत टेस्टिंग करतो आणि संध्याकाळी एकांकिकांना संगीत देतो. एका एकांकिकेचे तीन हजार मिळतात. कधी दोन मिळतात, कधी ‘करंडक आला की बघू’. त्या वर्षी सात केल्या होत्या, त्यातली एक मैत्रीखात्यात. म्हणजे वर्षभर तालमींना जाऊन, रात्रीच्या शेवटच्या बसने घरी येऊन मी जे कमावलं, त्याहून हा संच महाग होता. पण २८ हजार भरले की मी ‘हौस म्हणून करतो’ या खात्यातून बाहेर पडेन, असंही कुठेतरी वाटत होतं. आईला मी हे कारण सांगू शकलो नसतो. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होणार होते.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या सिंथेसायझरमध्ये आवाज कुठून रेकॉर्ड करून भरलेला नसायचा, तो विजेच्या सर्किटमधून तयार व्हायचा. ऑसिलेटर एक भरभरीत लहर काढतो, फिल्टर तिच्यातला नको तो कर्कशपणा कापतो, आणि एन्व्हलप ठरवतो की आवाज टोचल्यासारखा यावा की दारातून हळूच आत शिरावा. सॉफ्टवेअर सिंथ या सर्किटचं वागणं गणिताने लॅपटॉपवर उभं करतो. या संचात एकूण ३९ वाद्यं. १९७० चा मिनीमूग. १९८३ चा यामाहा डीएक्स-७, ज्याच्या इलेक्ट्रिक पियानोशिवाय ऐंशीच्या दशकातलं प्रेमगीत पूर्ण होत नसे. व्हँगेलिसने ‘ब्लेड रनर’ला वापरलेला सीएस-८०, ज्याचं मूळ वजन शंभर किलोच्या आसपास, म्हणजे आमच्या जिन्यावरून वर चढलाच नसता. रोलँडचा ज्युपिटर-८. तो मला खरंच हवा होता आणि अजूनही हवा आहे.

किमतीची रचनाही बघण्यासारखी आहे. यातलं एखादं वाद्य सुटं घ्यायला गेलं तर ते संचाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाला पडत होतं. म्हणजे तीन हवी असतील तर उरलेली छत्तीस फुकट. साडीच्या दुकानातला सेल मला कधीच कळला नव्हता, हा मात्र लगेच कळला. गोम एवढीच की मला तीन हवी आहेत का, हे आधी ठरवायला लागतं. काउंटर धावत असताना तो विचार नेमका मागे पडतो.

माझा काका चिपळूणकडे ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. त्याआधी बेंजो पार्टीत होता. त्याच्या कीबोर्डमध्ये शेकडो आवाज आहेत, पण बटणांच्या वर त्याने एक कागदी चिकटपट्टी लावली आहे आणि तिच्यावर बॉलपेनने अकरा आकडे लिहिले आहेत. शहनाई, स्ट्रिंग, ऑर्गन, सॅक्सोफोन, असे. त्याच्या वीस वर्षांच्या सुपाऱ्या त्या अकरा आकड्यांवर झाल्या. मी फोन करून त्याला संचाबद्दल सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

“नंतर विकता येतो का रे?”

म्हटलं, काका, ती वस्तू नाही, लायसन्स आहे. विकायचं तर कंपनीचे नियम बघावे लागतात.

“म्हणजे भाड्याचं घर.”

“भाडं एकदाच द्यायचं पण.”

“बरं. आणि तुझं कुठलं काम अडलंय त्याच्यावाचून?”

काका कधीच ‘घेऊ नको’ म्हणत नाही. त्याने आतापर्यंत तीन कीबोर्ड बदलले, प्रत्येक वेळी जुना विकून त्यात भर घातली. दर वेळी कारण एकच, जुन्याची पट्टी दाबली की दोन सूर लागायला लागले होते.

त्या रात्री मी सातही एकांकिकांच्या फाइली उघडल्या आणि कुठे काय वापरलं ते वहीत लिहून काढलं. पखवाज, हार्मोनियम, रस्त्यावर रेकॉर्ड केलेले आवाज, एकीकडे फक्त प्रेशर कुकर. सिंथ सातपैकी पाच ठिकाणी होता आणि त्या पाचात मिळून आवाज तीनच: पात्र एकटं पडलं की खाली पसरणारा एक लांब पॅड, ताण वाढवायला एक खर्जातला बेस, आणि आठवणींच्या प्रसंगाला डीएक्स-७ च्या जातीचा काचेरी पियानो. माझी चिकटपट्टी तीन आकड्यांची होती.

आणि हे तिन्ही आवाज मी फुकटात काढले होते. फुकट म्हणजे चोरीचे नव्हेत, हे सांगायला हवं, कारण आपल्याकडे क्रॅक टाकणं म्हणजेच इन्स्टॉल करणं असा समज आहे. डेक्स्ड नावाचा सिंथ डीएक्स-७ ची नक्कल करतो आणि मूळ यंत्रासाठी लोकांनी बनवलेले आवाजही उघडतो. सर्ज आधी विकत मिळायचा, २०१८ मध्ये तो मुक्त स्रोत झाला, आणि त्यानंतर अनेकांनी मिळून वाढवलेला सर्ज एक्सटी कुणालाही मोकळा आहे. व्हायटलची साधी आवृत्तीही फुकट आहे.

दुसरी बाजूही खरी आहे. रात्री अकराला दिग्दर्शकाचा मेसेज येतो: ‘जरा जुनं हवंय, दूरदर्शनवर रात्री शेवटी लागायचं तसं.’ संचात असे हजारो तयार आवाज असतात, दोन मिनिटांत एखादा सापडतो आणि माणूस झोपू शकतो. सर्जमध्ये तो आवाज घडवायला मला दीड तास लागतो आणि सकाळी ऑफिस असतं. ‘खऱ्या कलाकाराला साधनं लागत नाहीत’ असं म्हणणाऱ्यांची साधनं बहुतेक वेळा आधीच घेऊन झालेली असतात.

याच कारणासाठी चरणजित सिंग यांची गोष्ट मला जपून सांगावीशी वाटते. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे मुंबईचे हे वादक. १९८२ मध्ये त्यांनी ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली. ललित, तोडी, असे दहा राग आणि रोलँडची तीन यंत्रं: ज्युपिटर-८, टीबी-३०३ हा बेस आणि टीआर-८०८ हा ड्रम मशीन. टीबी-३०३ मुळात गिटारवाल्यांच्या साथीसाठी बनवला होता, तो फारसा खपला नाही आणि १९८४ पर्यंत बंदही झाला. पुढे शिकागोतल्या पोरांनी त्यातून ॲसिड हाउस काढलं. ही रेकॉर्ड त्याच्या काही वर्षं आधीची. तेव्हा तिच्याकडे कुणी फारसं बघितलं नाही, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर ऐकली गेली. ही ‘कमी साधनांत मोठं काम’वाली गोष्ट नाही. ज्युपिटर-८ हे त्या काळचं अतिशय महागडं वाद्य होतं. मला त्यात दिसतं ते एवढंच, की टीबी-३०३ त्यांनी गळा असल्यासारखा वापरला. त्यातल्या सरकत्या सुरांना मींड म्हणून ऐकणारा कान आधीच तयार होता.

चौथ्या दिवशी मी संचातल्या ज्युनो-६० च्या नकलेचा डेमो उतरवला. मूळ ज्युनोत दर सुराला ऑसिलेटर एकच, आवाज तसा बारीकच. त्याला अंग येतं ते कोरसच्या बटणांमुळे. मग टाल कंपनीचा, त्याच कोरसची नक्कल करणारा फुकट इफेक्ट सर्जच्या पॅडवर लावला आणि डोळे मिटून दोन्ही आलटून पालटून ऐकले. फरक होता. डेमोतला आवाज किंचित उबदार होता, हे मी नाकारणार नाही. पण तो ऐकू यायला मला हेडफोन कानावर दाबून धरावे लागत होते, कारण त्यांची डावी बाजू सहा महिन्यांपासून खरखरत होती.

बोनसमधून हेडफोन घेतले, बंद पाठीचे, म्हणजे रात्री आई-बाबांना त्रास नको. काउंटर शून्यावर आला तेव्हा मी तालमीत होतो. तीन आठवड्यांनी त्याच संचाच्या नव्या सेलचा मेल आला.

वहीच्या मागच्या पानावर आता एक यादी आहे. एखाद्या कामात फुकटवाल्यांनी खरंच अडवलं, तर त्या आवाजाचं नाव तिथे लिहायचं. तीन नावं झाली की संच घ्यायचा. सध्या एकच आहे: ज्युपिटर-८. त्याच्यावाचून काम कुठलंच अडलेलं नाही, पण मी खोडलेलं नाही.