हत्तीचा चारा

दारीं हत्ती झुलणें हें एके काळीं आपल्याकडे वैभवाचें शेवटचें लक्षण समजलें जाई. हत्ती गेले, सरदारही गेले. पण दारापुढें कांहीं तरी उंच, भारदस्त आणि शेजाऱ्यांच्या नजरेंत भरेल असें उभें असावें, ही वासना मात्र मागें राहिली. आजकाल तिचें समाधान विलायती बनावटीच्या ज्या प्रचंड मोटारी करतात, त्यांना लोक नुसतें 'एसयूव्ही' म्हणतात. नवी घ्यावयाची तर राहतें घर विकावें लागेल. पण तीच गाडी दहा-बारा वर्षें धांवली म्हणजे नव्या मध्यम मोटारीच्या भावांत मिळूं लागते. आमच्यासारख्या पगारदार माणसाच्या मोहाचा प्रारंभ येथें होतो.

आमच्या मोहाला निमित्तही तसेंच घडलें. आमच्या मातोश्रींचें वय ८१, आणि गुडघे त्याहून थकलेले. लहान मोटारींत त्यांना वाकून बसतां येईना, उंच मोटारींत चढतां येईना. गुहागरच्या व्याडेश्वराचें दर्शन त्यांना सहा वर्षें घडलें नव्हतें. अशांत एका स्नेह्यांकडे अशीच एक मोठी गाडी पाहण्याचा योग आला. त्यांनीं कळ दाबली, आणि माहुताच्या शब्दासरशी हत्तीनें बसावें तशी ती सावकाश खालीं आली. अशा कित्येक गाड्यांत पोलादी स्प्रिंगांच्या जागीं हवेनें भरलेल्या रबरी पिशव्या असतात. त्यांतील थोडी हवा सोडली कीं गाडी चार बोटें खालीं बसते. मातोश्री आधाराशिवाय आंत बसल्या आणि एवढेंच म्हणाल्या, "यांतून गुहागर होईल रे."

घरीं आल्यावर आमच्या सौभाग्यवतींनीं एकच प्रश्न विचारला : "हत्ती घ्याल हो, पण त्याच्या चाऱ्याचें काय?"

जुन्या आलिशान मोटारीचें सारें अर्थशास्त्र या प्रश्नांत सांठविलें आहे. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाहीं. हवेची पिशवी कालांतरानें चिरते. तिच्यांतून हवा गळूं लागली म्हणजे हवा भरणारा पंप दिवसरात्र राबून थकतो. आणि दोहोंची किंमत मोजतांना दुकानदार आपला पगार विचारीत नाहीं. खरेदी आपल्या ऐपतीप्रमाणें करावी, पण पोषण पहिल्या धन्याच्या ऐपतीप्रमाणें करावें, असा हा व्यवहार आहे. जिवंत हत्ती लाखाचा आणि मेलेला सव्वा लाखाचा, ही म्हण या गाड्यांना फार लवकर लागू पडते.

मौज अशी कीं ही जात मूळची कुणब्याच्या कामाची. १९४८ सालीं ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनांत पहिली लँड रोव्हर मांडली गेली ती शेतीकामाची गाडी म्हणून. आणि १९७० सालीं निघालेल्या पहिल्या रेंज रोव्हरचा अंतर्भागही पाण्याची नळी सोडून धुतां येण्याजोगा होता. पुढें कातडी बैठका आल्या, विजेच्या कळा आल्या. चिखल गेला आणि खर्च आला. २००८ सालीं ही कंपनी टाटांची झाली, २०११ पासून तिच्या गाड्या पुण्यांत जुळविल्या जाऊं लागल्या. तरी चाऱ्याचा भाव कांहीं पुणेरी झाला नाहीं.

अखेर घरांत तह झाला. गाडीला चौदा लाखांहून अधिक द्यावयाचे नाहींत, आणि आणखी चार लाख बँकेंत वेगळे ठेवावयाचे. हे पैसे आमच्या भविष्यनिर्वाह निधीचे होते. ते दुसऱ्यांदा मिळणार नव्हते.

पहिली गाडी पाहिली ती दिल्लीहून आलेली. दहा वर्षांवरील डीझेल गाड्यांना दिल्लींत २०१५ सालीं हरित न्यायाधिकरणानें बंदी केली आणि २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही ती उचलून धरली. तेव्हांपासून तिकडील कित्येक गाड्या इतर प्रांतांत आश्रयाला आल्या. ही गाडी आरशासारखी लखलखत होती आणि आंकडा दाखवीत होती अवघा ५२ हजार किलोमीटरांचा. "साहेब, डॉक्टरांची गाडी. फक्त रविवारीं बाहेर निघायची," दलाल म्हणाला. परंतु ब्रेकच्या पट्टीवरील रबर गुळगुळीत झालें होतें आणि सुकाणूचें कातडें झिजून चकाकत होतें. इतकी झीज होण्यास रविवार पुरत नाहींत. देखभालीचे कागद मागितले तेव्हां ते दिल्लींतच राहिल्याचें कळलें. आम्हीं त्यास नमस्कार केला.

दुसरी गाडी कोल्हापुरास होती, आणि तिचा आंकडा १,८४,००० चा. पृथ्वीचा घेर सुमारें ४० हजार किलोमीटर. म्हणजे गाडी साडेचार प्रदक्षिणा घालून आली होती! पण आंकडा अंतर सांगतो, आयुष्य सांगत नाहीं. यंत्र झिजतें तें मुख्यतः थंड असतांना सुरू करण्यानें. आणि गल्लींतल्या गल्लींत फिरणाऱ्या डीझेल गाडीच्या धुराड्याची जाळी काजळीनें तुंबते. एका वेगानें, तापलेल्या यंत्रानें, लांब रस्त्यावर काटलेले कोस त्या मानानें निरुपद्रवी असतात. या गाडीचे मालक कारखानदार होते. आठवड्यांतून दोनदां कोल्हापूर-पुणें करीत. दोन वर्षांपूर्वीं ते निवर्तले. त्यांच्या पत्नीनें आमच्यापुढें एक जाडजूड वही ठेवली. प्रत्येक वेळचें तेल, प्रत्येक पट्टा, बदललेली प्रत्येक पिशवी, तारीख आणि किलोमीटर. सारें एकाच वळणदार अक्षरांत लिहिलेलें. घासाघीस करण्याचें आम्हांस धैर्य झालें नाहीं, आणि त्यांनींही किंमत वाजवीच सांगितली होती.

कागदपत्रें मात्र आम्हीं डोळ्यांत तेल घालून पाहिलीं. विक्रीचा नमुना २९, हस्तांतराचा नमुना ३०, बँकेचा बोजा उतरल्याचा नमुना ३५. आणि पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर ती पांच-पांच वर्षांनीं नवी करावी लागते, हेंही ध्यानांत घेतलें. किल्ली देतांना त्या बाई म्हणाल्या, "भाऊ, तेल तेवढं वेळेवर बदला. ते फार जपायचे."

याला आतां दोन वर्षें झालीं. चार लाखांच्या निधींतून दोन पिशव्या, एक पंप आणि गिअरपेटीचें तेल खर्चीं पडलें. उरले ते अडीच लाख. सौभाग्यवती दर महिन्यास शिल्लक वाचून दाखवितात. कुंभार्ली घाट उतरून मातोश्री तीनदां गुहागरास जाऊन आल्या. चौथी यात्रा होईल किंवा नाहीं, हें गाडीवर अवलंबून आहे कीं त्यांच्यावर, हा विषय घरांत कोणी काढीत नाहीं.

त्या वहींत अर्ध्याअधिक पानांवर दुसऱ्याचें वळणदार अक्षर आहे. त्याखालीं आतां आमचें लागलें आहे. तितकें सुंदर नाहीं, पण तारखा चुकलेल्या नाहींत.