हवा ढकलते, पंप ओढत नाही

पंप पाणी ओढतो, असं आपण सगळेच म्हणतो. मोखाडा तालुक्यातल्या शाळांत विज्ञान शिकवताना हे वाक्य मुलांच्या डोक्यातून काढण्यात माझी बरीच वर्षं गेली. पंप ओढत नाही. तो नळीतली हवा तेवढी काढून घेतो. पाण्याला वर ढकलते ती विहिरीतल्या पाण्यावर रेललेली बाहेरची हवा, आणि तिचं बळ मोजकं आहे. समुद्रकाठी ती पाणी फार तर १०.३ मीटर चढवते. जव्हार-मोखाडा उंचावर, म्हणून इथे आणखी अर्धा मीटर कमी. फटीतून शिरणारी हवा आणि नळीतलं घर्षण वजा केलं की हाती सहा-सात मीटर उरतात.

पुस्तकात ही एका ओळीची गोष्ट आहे. एका पाड्यावर मात्र लोकांनी वर्गणी काढून विहिरीच्या काठावर मोटर बसवली होती. दिवाळीपर्यंत छान चालली. मार्चमध्ये पाणी खाली गेलं आणि मोटर नुसतीच घोंघावू लागली. फूटव्हॉल्व्ह बदलला, पॅकिंग बदललं, नारळही फोडून झाला. शेवटी मेकॅनिकने फसवलं यावर सगळ्यांचं एकमत झालं. तिथली एक मुलगी माझ्या वर्गात होती. पहाटे पाण्याच्या दोन खेपा करून यायची आणि पहिल्या तासाला डुलक्या घ्यायची. तिने विचारलं, "गुरुजी, मोटर दमते का?"

रविवारी दोरीला दगड बांधून मी विहीर मोजली. पाणी काठापासून नऊ मीटर खाली होतं. मेकॅनिक बिचारा निर्दोष होता. विहिरीच्या आत एक टप्पा होता, तिथे फळ्या ठोकून मोटर खाली उतरवली आणि पाणी आलं. त्या वर्षी मेच्या मध्यापर्यंत पुरलं. मग विहीरच आटली, तिथे हवा तरी काय करणार! पाऊस इथे धो धो पडतो, पण काळा कातळ तो धरून ठेवत नाही. याच भागातलं मध्य वैतरणा धरण २०१४ पासून मुंबईची तहान भागवतं, आणि पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. हे गणित मला मुलांना कधी समजावता आलं नाही.

सरकारी हातपंपाचं तंत्र वेगळं. त्याचा सिलिंडर खाली बोअरमध्ये, पाण्यात बुडालेला असतो. तो पाणी खालून उचलतो, म्हणून त्याला दहा मीटरची हद्द नाही. जालना आणि सोलापूरकडे दुष्काळी गावांसाठी बनलेल्या पंपांवरूनच १९७०च्या दशकात 'इंडिया मार्क-२' घडला.

अल-जझरी या कारागिराने १२०६ साली पुरा केलेल्या आपल्या ग्रंथात दोन सिलिंडरांचा पंप दिला आहे. पाणी घेणारी नळीही त्याला आहे. हवेच्या दाबाचा पुरावा तोरिचेलीने पाऱ्याच्या नळीतून दिला तो १६४३-४४ च्या सुमारास. म्हणजे चारशे वर्षं पंप चालत होते आणि का चालतात ते नीट ठाऊक नव्हतं. माणसाचं कामावाचून अडत नाही, हे मला यात फार आवडतं.

माझा भाचा मुंबईत निर्वात यंत्रांची देखभाल करतो. ईदला जव्हारला आला की आमच्या गप्पा पंपांवरच येतात. यंदा म्हणाला, "मामू, तुमचा पंप हवेच्या जिवावर चालतो. आमच्याकडे हवाच उरत नाही, मग ढकलणार कोण?"

त्याचं खरं होतं. साधा पंप बरीचशी हवा काढतो. पण उरलेले रेणू इतके विरळ होतात की एकमेकांना धडकण्याआधी ते भांड्याच्या भिंतीवरच आदळतात. आता ते प्रवाहासारखे वाहत येत नाहीत. अशा एकेकट्या रेणूसाठी जर्मनीत विली बेकर याने १९५८ साली टर्बोमॉलिक्युलर पंप बनवला. तिरप्या पात्यांची चक्रं एकाखाली एक; एक फिरणारं, एक स्थिर, उलट्या तिरपेचं. हवेचे रेणू सेकंदाला साडेचारशे मीटरच्या आसपास वेगाने भटकत असतात. पात्यांची टोकंही जवळपास त्याच वेगाने फिरतात. भटकत आलेल्या रेणूला पातं टोला देतं आणि खालच्या चक्राकडे पाठवतं. तिथून साधा पंप त्याला बाहेर काढतो. जड रेणू सहज हाकलले जातात. हायड्रोजन हलका आणि चपळ, तो उलट पावली निसटतो.

"एवढ्या वेगाने फिरलं तर बेअरिंग जळेल," मी म्हटलं.

"म्हणून तर बेअरिंगला टेकवतच नाहीत, मामू."

फिरणारा दांडा चुंबकांच्या मध्ये अधांतरी असतो. हे ऐकायला सोपं आहे. चुंबकाजवळ लोखंड जितकं जाईल तितक्या जोराने ओढलं जातं, म्हणजे दांडा कुठल्या तरी एका बाजूला चिकटायलाच हवा. तो चिकटू नये म्हणून सेन्सर त्याची जागा सेकंदाला हजारो वेळा मोजतात आणि विद्युत् चुंबकाचा प्रवाह त्याप्रमाणे कमीजास्त होतो. दोऱ्यावर चालणारा डोंबारी काठी सावरतो ना, तसंच. घर्षण नाही, म्हणून वंगणाचं तेल नाही आणि तेलाची वाफ आत शिरत नाही. चिप बनवणाऱ्या कारखान्यांना हेच हवं असतं.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया वेधशाळा होते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या निर्वात करायच्या आहेत. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळेत हवा काढायला चाळीस दिवस लागले होते. तिथे टर्बो पंप हवा उपसतात. पण मोजमाप चालू झालं की त्यांची बारीक थरथरही चालत नाही, मग न फिरणारे आयन पंप काम सांभाळतात.

बोलता बोलता लाइट गेली. बहिणीने कंदील लावला. मी विचारलं, "आता तुझा तो अधांतरी दांडा पडला असता की!"

"नाही. वीज गेली की मोटरच जनरेटर होते. दांड्याच्या फिरण्यातून वीज निघते आणि तीच त्याला तरंगत ठेवते. वेग अगदी कमी झाला की मग तो खालच्या राखीव बेअरिंगवर हलकेच टेकतो."

"आणि वीज परत आली तर?"

"पुन्हा उचलला जातो."

लाइट पहाटे आली. टाकीची मोटर चालू झाल्याचा आवाज आला, आणि बहीण हंडे घेऊन नळाकडे धावली. भाचा तिच्यामागे गेला.