लोकमताचे दोन धनी

जिल्ह्याच्या गावी वृत्तपत्र चालविणाऱ्यास कायदेमंडळाचा मार्ग फारसा दूर नसतो. तलाठ्याविषयीची तक्रार असो की विहिरीची मागणी, ती प्रथम त्याच्या छापखान्याच्या ओट्यावर येते. ती छापता छापता तो लोकांचा वकील होऊन बसतो. अवघड प्रश्न पुढचा आहे. ज्या सत्तेस त्याने जाब विचारला, तिच्याच पंक्तीस बसल्यावर त्याच्या लेखणीचे काय होते?

यवतमाळ गावापुढे हा प्रश्न एकाच नावाखाली दोन वेळा आला. माधव श्रीहरि ऊर्फ बापूजी अणे हे तेथले वकील, लोकमान्य टिळकांचे निष्ठावंत अनुयायी. त्यांनी ‘लोकमत’ हे पत्र चालविले आणि १९२४ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. पण तेवढ्याने ते कायद्याचे दास झाले नाहीत. १९३० च्या जुलैत पुसद भागात राखीव जंगलातील गवत कापून त्यांनी जंगलकायदा मोडला व शिक्षा भोगली. कायदे करणाऱ्याच्या हाती विळा, हे दृश्य आम्हांस त्यांच्या कोणत्याही भाषणाहून बोलके वाटते.

१९४१ साली मात्र ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात शिरले. अनेक देशभक्तांस हे रुचले नाही, आणि त्यांचा राग अगदीच गैरवाजवी होता असे आम्ही म्हणणार नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींचे उपोषण चालू असताही सरकार त्यांस सोडीना, तेव्हा होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह बापूजींनी राजीनामा दिला. खुर्ची सोडता येते हे त्यांनी दाखविले खरे. परंतु त्याच वर्षी त्याच सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते सिलोनला गेले! माणसे सरळ रेषेत चालतात कोठे?

त्यांचे पत्र मध्यंतरी बंद पडले होते. १९५२ साली तेच नाव घेऊन जवाहरलाल दर्डा यांनी यवतमाळहूनच नवे ‘लोकमत’ काढले. बेचाळिसाच्या चळवळीत तुरुंग पाहिलेले हे गृहस्थ. १५ डिसेंबर १९७१ रोजी नागपुरास त्याचे दैनिक झाले; १९७२ पासून दर्डा विधान परिषदेत आणि पुढे मंत्रिमंडळात. पत्र भरभराटीत असता त्याचा संस्थापकच मंत्री, हा पेच आम्हांस बापूजींच्या पेचाहून कठीण वाटतो. येथे राजीनाम्याने सुटण्यासारखे काही नसते. मंत्र्याच्या खात्यावरील टीका त्याच्याच पत्रात कितव्या पानावर येते, हे चावडीवरचा वाचक मुकाट्याने पाहत असतो.