सप्पिमंड

चिनी भाषेत चार अक्षरी म्हणींची जुनी परंपरा आहे. त्यांतील एक म्हण ‘थी-हू क्वान-तिंग’ अशी आहे. शब्दशः अर्थ, डोक्यावर थी-हू ओतणे. रूढ अर्थ, कुणाच्या बोलण्याने अकस्मात सारे उमगणे. थी-हू म्हणजे आपल्या पालीतला सप्पिमंड, तुपातला सर्वांत निवळ व सरस अंश. क्वान-तिंग हा ‘अभिषेक’ या शब्दाचा अनुवाद. हा शब्द आम्हां आंबेडकरी मंडळींच्या कानाला खटकतो, हे मान्य. पण बौद्ध ग्रंथांबरोबरच तो तिकडे गेला. थांग राजवटीतील कू ख्वांग या कवीने तर थी-हूमुळे तापलेले डोके शांत होते, अशी कल्पना केली.

दूध, दही, लोणी, तूप आणि सप्पिमंड ही उपमा दीघनिकायातील पोट्ठपाद सुत्तात तथागतांच्या मुखी आहे. दूध असताना त्याला दही म्हणता येत नाही, असा तेथील रोख आहे. पाचव्या शतकात धर्मक्षेम या भारतीय भिक्खूने महापरिनिर्वाण सूत्र चिनी भाषेत नेले. त्यातही हीच उपमा आहे. म्हणीने मात्र शेवटची पायरी तेवढी ठेवली. विरजण, घुसळण, कढवणे मागेच राहिले.

आमचे वडील १६ ऑक्टोबर १९५६ रोजी सिंदेवाहीहून छोट्या रेल्वेने चांद्याला गेले होते. बाबासाहेबांच्या मुखातून दीक्षा घेतली आणि एका संध्याकाळीत आपण दुसरेच झालो, असे ते सांगत. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही त्यांना येवल्याची आठवण देत असू. तेथील घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ची, म्हणजे मध्ये एकवीस वर्षे गेली. वडील हसून म्हणत, “ती वर्षं बाबासाहेबांची. आमची संध्याकाळच.”

इतके ठाऊक असूनही वर्गात आम्ही ते विसरलो. जंगलाकाठच्या गावातून वसतिगृहात आलेला एक मुलगा सातवीत पोचला, तरी त्याला धड वाचता येत नव्हते. दोन सत्रे वाट पाहून आम्ही त्याच्या प्रगतिपत्रकावर शेरा लिहिला, ‘मंद’. पालकसभेला त्याची आई आली. तिला अक्षरओळख नव्हती. सरांनी काय लिहिले आहे ते वाच, असे तिने लेकालाच सांगितले. आम्ही समोरच बसलो होतो. आमच्या पुस्तकातील प्रत्येक ओळीला ठेचकाळणाऱ्या त्या मुलाने तो शब्द न अडखळता वाचला.

कू ख्वांगच्या कवितेतला थी-हू डोके थंड करतो. आमचे मात्र त्या क्षणी पेटले. पत्रक मागून घेऊन आम्ही शेरा खोडला. शाई पसरून तेथे काळा डाग पडला, आणि तो शब्द खालून दिसतच राहिला. आईने काही विचारले नाही. पत्रक घडी करून तिने पदरात बांधले.

त्यानंतर रोज सायंकाळी वंदना आटोपल्यावर तो आमच्या खोलीच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसू लागला. आम्ही बोलावले होते म्हणून, स्वतःहून नव्हे. कित्येक महिने काहीच घडले नाही. पुढील वर्षी धानाच्या कापणीच्या सुमारास तो एक पान सलग वाचत असल्याचे स्वयंपाकघरातल्या मावशींनी आम्हाला सांगितले. नेमका कोणत्या दिवशी तो वाचू लागला, हे त्यालाही सांगता आले नाही.