ज्वालामुखीच्या अंगणात

“एवढे पैसे खर्चून ज्वालामुखी पाहायला जायचं, आणि तो नेमका झोपलेला असला तर?” ह्यांनी निघतानाच विचारलं होतं. आणि झालंही तस्संच! एप्रिल २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नणंदेबरोबर आम्ही हवाईच्या मोठ्या बेटावर गेलो, तेव्हा किलावेआ ज्वालामुखी अगदी गप्प होता. लाव्हाची ठिणगीही दिसेना. माझा चेहरा पडला.

हिलो गावापासून मोटारीने पाऊण तासावर हे राष्ट्रीय उद्यान आहे. १९१६ साली ते स्थापन झालं, आणि १९८७ पासून ते जागतिक वारसा आहे. किलावेआ आणि ४,१६९ मीटर उंचीचा मौना लोआ, असे दोन जागृत ज्वालामुखी त्यात आहेत. कड्यावर उभं राहिलं की समोर भलामोठा खड्डा दिसतो. २०१८ साली त्याचा तळ सुमारे पाचशे मीटर खाली खचला. त्याच वेळी पूर्वेकडच्या उतारावर लाव्हाने सुमारे सातशे घरं गिळली. आजूबाजूला जमिनीतून वाफा निघत असतात. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं, तसं मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या तापल्या खडकाला लागून वर येतं.

शेजारच्या किलावेआ इकी विवरात तर आम्ही पायी उतरलो. १९५९ साली इथे लाव्हाचं कारंजं ५८० मीटर उंच उडालं होतं. आता त्या थिजलेल्या काळ्या तळ्यावरून पायवाट जाते. भेगांतून ओहिआ झाडाचे कोंब डोकावत होते. या झाडांना बुरशीचा रोग लागलाय, म्हणून वाटेच्या तोंडाशी बुटांचे तळ ब्रशने घासायचे असतात.

उद्यानातल्या रक्षकबाईंनी छान समजावलं. पृथ्वीच्या पोटातली चूल जागच्या जागी असते. वरचं समुद्रतळाचं कवच मात्र वर्षाला सात ते दहा सेंटिमीटर वायव्येकडे सरकतं. म्हणून तर बेटांची माळ तयार झाली. मला एकदम आपला सह्याद्री आठवला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अशाच चुलीवरून आपली भूमी सरकली, आणि लाव्हाचे थरावर थर साचले. घाटात दिसणारे आडवे पट्टे, वेरूळची लेणी, आपला पाटा-वरवंटा, सारं त्याच काळ्या दगडाचं! ती चूल आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे.

वाटेत एक मुंगूस आडवं गेलं. “शकुन चांगला!” मी म्हटलं. रक्षकबाई हसल्या नाहीत. उसातले उंदीर मारायला मळेवाल्यांनी १८८३ साली ही मुंगसं जमैकाहून आणली. मूळची ती आपल्याकडचीच. उंदीर हिंडतात रात्री, मुंगूस दिवसा! मग त्यांनी पक्ष्यांच्या अंड्यांवर ताव मारला. नेने नावाचा इथला रानहंस १९५० च्या सुमारास जेमतेम तीस उरला होता. पिंजऱ्यात पिल्लं वाढवून रानात सोडली, तेव्हा कुठे आज तीन हजारांवर गेलाय. त्याला खायला मुळीच घालायचं नाही.

आता खर्चाचं. आम्ही गेलो तेव्हा मोटारीमागे तीस डॉलर, म्हणजे अडीच हजार रुपये पडले. पास सात दिवस चालतो. रोख पैसे घेत नाहीत, कार्ड लागतं. खरा खर्च विमानाचा आणि राहण्याचा. जेवणाचा डबा सोबत घ्यावा, म्हणजे बरीच बचत होते. उंचावर गारठा आणि पाऊस असतो, तेव्हा स्वेटर आणि रेनकोट हवाच. दर आणि ज्वालामुखीचा रंग, दोन्हींची चौकशी करूनच निघावं. डिसेंबर २०२४ पासून तिथे पुन्हा कारंजी उडू लागली. आमचं नशीब!

निघताना लेकीने एक काळा खडा खिशात टाकला होता. तिथून दगड उचलायला बंदी आहे. मी तो परत ठेवायला लावला, तशी ती हिरमुसली. घरी आल्यावर माळ्यावरचा पाटा काढून तिच्यापुढे ठेवला. बराच वेळ ती त्यावर बोट फिरवत बसली. “आई, हा पण वितळलेला होता?” तिने विचारलं.

हे म्हणाले, “चला, पैसे वसूल झाले म्हणायचे!”